जुने आणि नवे कन्सोल गेम: विकत घेतलेला गेम संपूर्णपणे आपल्या हातात असतो का?

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी.

टीव्हीला जोडायच्या साध्या गेमपासून आजच्या प्लेस्टेशन ५ पर्यंत मी कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांवर, सातत्याने खेळत आलो आहे आणि या छंदावर माझे मनापासून प्रेम आहे. म्हणून एक मत मांडतो आणि त्यावर आपणा सर्वांचे म्हणणे ऐकू इच्छितो. चित्रे आणि कथा यांच्याही आधी मी गेमची संपूर्णता पाहतो. दुकानातून जे घरी आणले त्यात तो गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत असावा, इंटरनेट नसताना चालावा आणि कंपनीने आपले सर्व्हर बंद केले तरी आपल्याकडे राहावा, एवढी माझी अपेक्षा आहे.

१९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घ्या. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी आठ जगे आणि प्रत्येकात चार टप्पे असा बत्तीस टप्प्यांचा गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला, आणि कोजी कोंडो यांचे संगीतही त्यातच आहे. जागा इतकी कमी होती की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच असून फक्त रंग बदललेला आहे. पुढच्या वेळी खेळाल तेव्हा मुद्दाम पाहा. असा गेम आजही कॅसेट घालून बटण दाबले की दुसऱ्या क्षणी सुरू होतो.

याउलट गेल्या उन्हाळ्यात मी मोटारींच्या शर्यतीचा एक नवा गेम डिस्कवर घेतला. डिस्क घातल्यावर कळले की गेमचा मोठा भाग उतरवून घ्यावा लागणार आहे. त्यात दुपारी वीज गेली, राउटर बंद पडला आणि उतरवणे अर्ध्यावर थांबले. दुसऱ्या दिवशी गेम सुरू झाला तेव्हा लक्षात आले की एकट्याने शर्यत लावायची असली तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावेच लागते. मी पैसे मोजून नेमके काय विकत घेतले, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

आपल्या कपाटातील कोणते गेम आणखी वीस वर्षांनी जसेच्या तसे चालतील असे आपल्याला वाटते?

अमळनेरचा_खेळाडू

दादा, तुमची तळमळ समजते, पण मत एकांगी वाटते. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो काही दिवसांतच आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ मध्ये तो परत आला. पुढे नव्या कन्सोलवर हाच गेम सुधारत सुधारत फार उत्तम झाला. ‘नो मॅन्स स्काय’ची कथाही तीच आहे. २०१६ मध्ये निराशा करणारा तो गेम नंतरच्या मोफत सुधारणांमुळे पार बदलून गेला. नेट नसते तर हे दोन्ही गेम पहिल्या दिवशी जसे होते तसेच राहिले असते.

जुन्या गेममधल्या चुका मात्र कायमच्या होत्या. मारिओत १-२ च्या, म्हणजे पहिल्या जगातल्या दुसऱ्या टप्प्याच्या, शेवटी भिंतीतून विशिष्ट पद्धतीने आत शिरले की जे पाण्याखालचे जग लागते, त्यातून बाहेर पडायला वाटच नाही. ती चूक १९८५ पासून प्रत्येक कॅसेटमध्ये तशीच आहे. माझ्या पिढीला सुधारणा मिळतात, हा मोठा लाभ आहे.

केळीबाग (रावेर)

सुधारणा मिळतात हे खरे, परंतु प्लेस्टेशन ५ चे मोठे गेम भारतात ४,९९९ रुपयांना येऊ लागले. एवढे पैसे घेऊन अपुरा गेम विकायचा आणि तो पूर्ण करायला नंतर सवड काढायची, हे मला पटत नाही. आम्ही बागेतला अपुरा घड उतरवला तर व्यापारी त्याला हात लावत नाही.

पाचकंदील (धुळे)

मी टीव्ही आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे हे गेम आतून पाहण्याचा योग बराच आला. तापीकाठ भाऊंच्या मूळ मताशी मी सहमत आहे, पण कॅसेट अमर असते असा समज कोणी करून घेऊ नये.

आपल्याकडे ज्या कॅसेट मिळत, त्या बहुतेक मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या नव्हत्या. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलची नक्कल करणारी यंत्रे आणि त्यांच्या कॅसेट बाजारात येत होत्या. अशी कॅसेट उघडली की मोठ्या पिवळ्या डब्याच्या आत बोटभर रुंदीची हिरवी पट्टी निघते आणि तिच्यावर काळ्या घट्ट लुकणाचा एक थेंब असतो. सगळा गेम त्या थेंबाखालच्या चिपमध्ये असतो. तो थेंब फुटला किंवा आतली तार सुटली तर दुरुस्ती होत नाही. वर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असले तरी आत मोजकेच गेम असत, आणि तेच गेम वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू होतील असे करून यादी लांबवलेली असे.

अस्सल कॅसेटमधील चिप बराच काळ टिकते, पण ज्यांत खेळ जतन करण्याची सोय असते त्यांच्या आत नाण्याएवढी बॅटरी बसवलेली असते. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ १९८७ साली अमेरिकेत अशाच बॅटरीसह आला. साधारण पंधरा-वीस वर्षांत ती बॅटरी संपते आणि जतन केलेले सगळे जाते. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर चालते, म्हणून त्यांची बॅटरी आणखी लवकर संपते.

एक विनंती सर्वांना करतो. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकर मारल्यावर गेम चालू होतो, पण त्याचे कारण कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे टोकांचा संपर्क नीट बसतो हे आहे. फुंकरीतल्या ओलाव्याने टोके काळवंडतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टोके हलकेच पुसावीत आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घालावी.

गिरणाई (चाळीसगाव)

पाचकंदील दादा, फारच उपयुक्त माहिती दिलीत. फुंकर मारण्यावरून आमच्या घरी भावंडांत भांडणे होत.

मला या चर्चेत एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. आखाजीला आत्या माहेरी येत आणि त्यांची मुले सोबत असत. दुपारी उन्हात झोके रिकामे असले की आम्ही सगळी टीव्हीपुढे बसायचो. मारिओ दोघांनी आळीपाळीने खेळायचा असे, पण ‘काँट्रा’ एकाच वेळी दोघांना खेळता येई, त्यामुळे त्यासाठी रांग लागे. वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए हा क्रम ज्याला बिनचूक येई त्याच्याकडे पहिला रिमोट जाई, कारण त्याने तीस जीव मिळत. ‘काँट्रा’ बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी हा क्रम आधी ‘ग्रॅडियस’ या गेमसाठी बनवला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. चाळीसगावच्या एका वाड्यातल्या मुलांना तो कोणी शिकवला असेल याचे मला आजही कुतूहल वाटते.

म्हणून मी गेमची पारख शेजारी बसून खेळता येण्यावर करते. आज पुष्कळसे गेम दुसरा खेळाडू दुसऱ्या घरात आहे असे गृहीत धरतात. याला सुंदर अपवाद म्हणजे २०२१ सालचा ‘इट टेक्स टू’. तो एकट्याने खेळताच येत नाही. पडदा दोन भागांत विभागलेला असतो आणि एकाच्या हातातील साधन दुसऱ्याशिवाय निरुपयोगी ठरते. एका टप्प्यात एकाकडे खिळे आणि दुसऱ्याकडे हातोडा आहे. एकाने भिंतीत खिळा मारायचा आणि दुसरीने हातोड्याने त्याला लटकून पलीकडे झोका घ्यायचा. मी आणि माझी मुलगी तो खेळताना जेवढे बोललो तेवढे एरवी बोलत नाही. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान मिळाला तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

सातपुडा_पायथा (शहादा)

गिरणाई ताईंनी मांडलेल्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी शिक्षक आहे आणि मला जुन्या गेमची शिकवण्याची पद्धत आदर्श वाटते. मारिओच्या पहिल्या टप्प्यात एकही सूचना नाही. डावीकडे उभा असलेला मारिओ आणि उजवीकडची मोकळी जागा पाहून मूल आपोआप उजवीकडे निघते. समोरून पहिला शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मरण येते, पण नुकसान काही पावलांचेच होते. पुढे प्रश्नचिन्हाच्या पेटीतून अळंबी निघते, नळाला आपटून उलटी फिरते आणि थेट अंगावर येते, त्यामुळे घाबरलेल्या मुलालाही ती लागतेच आणि ती लाभाची आहे हे त्याला कळते. इंग्रजीचे अक्षर न येणारे मूल एवढ्यावर सगळे नियम शिकते. आमच्या पाड्यांवरील मुलांनी हा गेम असाच शिकलेला मी पाहिला आहे.

आजच्या गेममध्ये पहिला तासभर पाट्या वाचाव्या लागतात आणि त्या मराठीत नसतात. तरीही अमळनेरच्या मित्राची बाजू मला मान्य आहे, कारण नव्या गेमनी काही लोकांसाठी दार प्रथमच उघडले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये २०२० साली साठांहून अधिक सुलभतेच्या सोयी दिल्या गेल्या. दृष्टी अगदी अधू असलेला माणूस ध्वनींच्या खुणांवर तो शेवटपर्यंत खेळू शकतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला ऐकू येत नाही. आवाज कोणत्या दिशेने आला हे दाखवणाऱ्या खुणांमुळे त्याला असे गेम खेळता येतात. ४० किलोबाइटमध्ये हे शक्य नव्हते.

अमळनेरचा_खेळाडू

सर, धन्यवाद. कठीणपणाबद्दलही एक गैरसमज आहे, तो दूर व्हावा असे वाटते. जुने गेम अवघड होते आणि आताचे सोपे आहेत, असे सरसकट म्हटले जाते. जुन्या गेमपैकी अनेक आधी नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर आले होते. ‘काँट्रा’ १९८७ साली तसाच आला. खेळाडू लवकर मरावा आणि त्याने दुसरे नाणे टाकावे, हा त्यांच्या अवघडपणामागचा हिशेब होता. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मधला अवघडपणा वेगळ्या जातीचा आहे. तिथे प्रत्येक मरणातून शत्रूची एखादी लकब कळते, आणि एखादा राक्षस जमत नसेल तर त्याला सोडून दुसऱ्या दिशेने हिंडायची मोकळीक असते.

भुसावळ_जंक्शन

हिंडायची मोकळीक आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात कन्सोल सुरू ठेवायची मोकळीक आहे का? प्लेस्टेशन ५ सोबत येणाऱ्या माहितीपत्रकात तो ५ ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरावा असे लिहिले आहे. आमच्या भुसावळात आणि तुमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत तर संध्याकाळी सातलाही ३५ च्या खाली येत नाही. मी उन्हाळ्यात पहाटे खेळतो, कन्सोलच्या मागे वीतभर जागा मोकळी सोडतो आणि पंख्याच्या जाळीवरची धूळ नियमित साफ करतो. तो अर्धवट झोपेच्या स्थितीत ठेवणे मी पूर्ण बंद केले आहे, कारण त्या स्थितीत वीज गेली की पुढच्या वेळी यंत्र नीट बंद केले नव्हते अशी ताकीद येते आणि साठवण तपासली जाते. जुन्या यंत्राला यातले काहीच नको होते. भारनियमनाच्या काळात वीज आली की बटण दाबायचे आणि १-१ पासून सुरुवात करायची, एवढेच काम होते.

आता मूळ विषयाकडे येतो. तापीकाठ भाऊ म्हणतात ती भीती प्रत्यक्षात आलेली आहे. ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. तो एकट्याने खेळतानाही सर्व्हर लागत असल्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क आहे त्यांच्याकडे आता निव्वळ चकती उरली. त्यातून त्याच वर्षी रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. निन्टेन्डोनेही २७ मार्च २०२३ रोजी ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या स्विच २ या कन्सोलच्या काही गेम कार्डांत तर गेमच नसतो. कार्ड ही फक्त किल्ली असते आणि गेम उतरवूनच घ्यावा लागतो.

केळीबाग (रावेर)

भुसावळकर, कार्डाच्या खोक्यावर तसे लिहिलेले असते का?

भुसावळ_जंक्शन

होय, पुढच्या बाजूला खाली पट्टी असते आणि त्यावर उतरवून घेण्याचा उल्लेख असतो. ती पाहूनच घ्यावे.

गिरणाई (चाळीसगाव)

एक प्रश्न मनात येतो आणि तो कोणीतरी विचारायलाच हवा. पाचकंदील दादांनी सांगितले तसे आपण ज्या कॅसेटवर प्रेम केले त्या विनापरवाना नकला होत्या. मियामोतो यांना आपल्या पिढीकडून एक रुपयाही पोचला नसेल. मग गेम आपल्या मालकीचा असावा असा आग्रह धरताना कलावंताच्या हक्काचे काय करायचे?

तापीकाठ (जळगाव)

ताई, प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देणे मला आवडणार नाही. त्या काळी आपल्या गावात अस्सल वस्तू विकायलाच नव्हती. आज जिथे अस्सल वस्तू मिळते तिथे मी तीच घेतो आणि इतरांनीही तीच घ्यावी असे आग्रहाने सांगतो. परंतु जे गेम कोणी विकतच नाही त्यांचे काय, हाही प्रश्न तितकाच गंभीर आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. कलावंताचा हक्क आणि कलाकृतीचे टिकणे या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या असतील तर कंपन्यांनी जुने गेम रास्त किमतीत उपलब्ध ठेवले पाहिजेत आणि सर्व्हर बंद करण्याआधी गेम सर्व्हरविना चालेल अशी शेवटची सुधारणा दिली पाहिजे.

सातपुडा_पायथा (शहादा)

टिकण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. निन्टेन्डोचा ‘टेट्रिस’ १९८९ सालचा आहे. त्यात एकोणतिसाव्या पातळीला ठोकळे इतक्या वेगाने पडतात की त्यापुढे माणूस जाऊच शकत नाही, असे वर्षानुवर्षे मानले जाई. मग खेळाडूंनी रिमोट मागच्या बाजूने बोटांनी एकामागून एक थापटायची युक्ती काढली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या विलिस गिब्सन या अमेरिकन मुलाने तो १५७ व्या पातळीपर्यंत नेला. तिथे गेमच गोठला. चौतीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमध्ये नवा विक्रम होऊ शकतो, कारण ती जशी होती तशीच आजही हाती आहे. दर आठवड्याला बदलणाऱ्या गेममध्ये असा विक्रम कशाशी ताडून पाहणार?

अमळनेरचा_खेळाडू

सर, हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. सुधारणा हव्यात असे मी अजूनही म्हणेन, पण ज्याला मूळ आवृत्तीच खेळायची आहे त्याला ती मिळाली पाहिजे. आणि एक सुचवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आपल्यापैकी किती जणांनी खेळला आहे? २०२० साली तो आधी स्विचवर आला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली राजी, तिला दुर्गेकडून मिळणारा त्रिशूळ आणि डोळे निववणारे राजवाडे, हे सगळे आपल्या मातीतले आहे. लढाया पुढे थोड्या एकसुरी होतात आणि शेवट घाईने येतो, पण महाराष्ट्रात बनलेला एवढ्या तोलाचा कन्सोल गेम मला दुसरा माहीत नाही.

गिरणाई (चाळीसगाव)

बहिणीने भावाला सोडवायचे, हे फारच आवडले. कानबाईच्या सुट्टीत मुलीसोबत खेळेन.

पाचकंदील (धुळे)

वीस वर्षांनी काय चालेल या मूळ प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेच नाही, म्हणून मी माझ्या अनुभवाने देतो. ‘डक हंट’ हा बंदुकीने पडद्यावरची बदके टिपायचा गेम आपल्या आजच्या टीव्हीवर आत्ताच चालत नाही. बंदुकीचा घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे नेमक्या वेळी घडते, सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येते, त्यामुळे नेम बरोबर असूनही बदक पडत नाही. म्हणून नुसती कॅसेट जपून भागत नाही, सोबतचा टीव्हीसुद्धा जपावा लागतो. माझ्या दुकानात एक जुना टीव्ही मी त्यासाठीच चालू स्थितीत ठेवला आहे.

तापीकाठ (जळगाव)

पाचकंदील अण्णा, आपण आठवण करून दिलीत हे बरे झाले. माझ्या कपाटापुरते सांगतो. स्विचवरचा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ कार्डात पूर्ण आहे, तो राहील. ‘एल्डन रिंग’ नेट बंद ठेवूनही खेळता येतो, तोही राहील. प्लेस्टेशन २ चे गेम डिस्कवर पूर्ण आहेत, मात्र त्यांची चकती वाचणारे भिंग आधी थकेल. शर्यतीचा नवा गेम राहणार नाही. आणि नव्या प्लेस्टेशन ५ ला वेगळा मिळणारा डिस्क ड्राइव्ह जोडतानाही एकदा नेट लागते, त्यामुळे ज्यांनी तो घेतला आहे त्यांनी तो जोडून, नोंदवून ठेवावा. खोक्यात तसाच ठेवू नये.

माझ्याकडची झेल्डाची कॅसेट जतन केलेला खेळ आता धरून ठेवत नाही. आपल्याकडे बॅटरी बदलून मिळेल का?

पाचकंदील (धुळे)

नक्की मिळेल, भाऊ. टोकांना पत्र्याचे पाय जोडलेली बॅटरी लागते, साधी आणून डाग देऊ नका, उष्णतेने ती फुगते. रविवार सोडून केव्हाही या आणि येताना कॅसेट गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवू नका.